पोत्यावरची पाटी

धान्याच्या पेठेत गेले म्हणजे दुकानाच्या दाराशी तोंड उघडलेली पोती ओळीने मांडलेली दिसतात. प्रत्येक पोत्यातल्या तांदळात पुठ्ठ्याची एक पाटी खोचलेली असते. तिच्यावर तीन-चार शब्दच मावतात : तांदळाचे नाव, जुना की नवा, आणि भाव. गिऱ्हाईक आधी पाटी वाचते, मग मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन दाणा पाहते, वास घेते, आणि त्यानंतर बोलणे सुरू होते. पाटी पुसट असली तरी फारसे बिघडत नाही. दुकानदार समोरच बसलेला असतो, त्याला विचारता येते.

आज ज्या पाटीविषयी मला बोलायचे आहे तिच्यामागे दुकानदार बसलेला नसतो. इंटरनेटवर आपण एखादे पान ठेवतो. रात्री अकरा वाजता पुण्यातला कोणी गृहस्थ आपल्या फोनवर ‘सुवासिक तांदूळ’ असे दोन शब्द लिहून शोध घेतो. त्याच्यापुढे पंधरा-वीस पानांची नावे येतात आणि प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांत दोन ओळी येतात. त्यांवरून नजर फिरवून तो एका नावावर बोट ठेवतो. बाकीची पाने त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा. ती नावे आणि त्या दोन ओळी कोठून येतात, आणि त्या कशा लिहाव्यात, हा आजचा विषय.

इंटरनेटवरील पान ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. अशा पानाला एक डोके असते आणि एक धड असते. धड म्हणजे वाचकाला दिसणारा मजकूर, चित्रे, भावाचे तक्ते. डोके वाचकाला दिसत नाही. ते ब्राउझरसाठी आणि शोधयंत्रासाठी असते. या डोक्यात पानाचे शीर्षक लिहिलेले असते, आणि त्याच्याजवळ काही छोट्या नोंदी असतात. त्यांना मेटा टॅग म्हणतात. मजकुराविषयीचा मजकूर, असा त्याचा अर्थ. (फेसबुकच्या कंपनीने २०२१ मध्ये ‘मेटा’ हे नाव घेतले, तिचा येथे काही संबंध नाही. मेटा टॅग तिच्याहून पुष्कळ जुने. १९९५ च्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत ते आलेले आहेत.) काटेकोरपणे बोलायचे तर शीर्षक हा मेटा टॅग नव्हे, पण दोघांचे काम एकमेकांना धरून चालते, म्हणून मी त्यांचा विचार एकत्रच करणार आहे.

ही कल्पना संगणकवाल्यांना एकट्यांना सुचली असे मात्र नाही. ग्रंथालयातील सूचीपत्र हेच करीत असे : ग्रंथ कपाटातच राही आणि त्याची ओळख एका छोट्या पत्त्यावर लिहिलेली असे. १९९५ सालीच ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ यांची एक बैठक डब्लिन येथे भरली आणि इंटरनेटवरील मजकुराची ओळख कोणत्या मोजक्या बाबींनी सांगावी याची यादी तिने तयार केली. कर्ता कोण, विषय कोणता, तारीख काय, भाषा कोणती, अशा त्या बाबी. ही यादी आजही ‘डब्लिन कोअर’ या नावाने ओळखली जाते. आणि मौज अशी की, हे डब्लिन आयर्लंडच्या राजधानीचे नव्हे. अमेरिकेतील ओहायो राज्यातले आहे. म्हणजे वस्तूंची नेमकी ओळख कशी सांगावी हे ठरवणाऱ्या यादीचेच नाव ऐकणाऱ्याला चुकीच्या गावी नेते!

नामसादृश्याची ही अडचण आम्हा बालाघाटकरांना चांगली परिचयाची आहे. ‘बाला’ म्हणजे वर. घाटाच्या वरचा तो बालाघाट. हे मुळात सामान्यनामच आहे, आणि म्हणून ते जागोजागी आढळते. अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर या बाजूंनी पसरलेली डोंगररांग बालाघाटच. वऱ्हाडातही खोऱ्याच्या प्रदेशाला पाईनघाट आणि वरच्या पठाराला बालाघाट म्हणत. आमचा जिल्हा भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग घेऊन १८६७ मध्ये झाला, आणि ज्या गावाला पूर्वी बुऱ्हा म्हणत त्याला जिल्ह्याचे नाव मिळाले. तेव्हा ‘बालाघाट’ एवढाच शब्द पानाच्या माथ्यावर लिहिला, तर लातूरकडचा वाचक आपल्या डोंगरातील किल्ले शोधत येईल आणि आमच्याकडचा वाचक बीडच्या पर्जन्यमानाचे आकडे वाचत बसेल.

जिल्ह्यातील इतर नावांचीही हीच तऱ्हा. कटंगी आमच्याकडे आहे आणि जबलपूर जिल्ह्यातही आहे. वारासिवनी आमची, तर नुसती सिवनी हा शेजारचा जिल्हा. बैहर आमचे, एक अक्षर बदलले की शारदादेवीचे मैहर. समोरासमोर बोलताना ‘कोणती कटंगी?’ असे विचारता येते. शोधयंत्रही अलीकडे बरेच अंदाज बांधते, पण ज्याचा अंदाज बांधावा लागतो ते आपणच स्पष्ट का लिहू नये?

आता एक अनुभव सांगतो. ओळखीच्या काही शेतकऱ्यांनी एकत्र येऊन चिन्नोर तांदळासाठी एक पान करून घेतले. चिन्नोर हा आमच्या भागाचा सुवासिक तांदूळ. पीक तयार व्हायला उशीर लागतो, उतारा कमी, परंतु भात शिजला की शेजारच्या घराला कळते. ‘बालाघाट चिन्नोर’ या नावाची भौगोलिक मानांकनात २०२१ मध्ये नोंद झाली. साहजिकच मंडळी उत्साहात होती. पान सुरेख झाले होते. शेताची चित्रे होती, लोंब्यांची होती. चार महिने लोटले तरी बाहेरून एक पत्र आले नाही की फोन आला नाही. मला विचारले तेव्हा मी पानाचे डोके उघडून पाहिले. ते कोणालाही पाहता येते. संगणकावरील ब्राउझरमध्ये पानाचा मूळ मजकूर पाहण्याची सोय असते. शीर्षकाच्या जागी एकच शब्द होता : ‘होम’. वर्णनाच्या जागी होते, ‘आमच्या संकेतस्थळावर आपले हार्दिक स्वागत आहे. आम्ही उत्तम सेवा देण्यास कटिबद्ध आहोत.’

या दोन वाक्यांत खोटे काही नाही. पण ती तांदळाच्या पानावर जितकी शोभतात तितकीच दंतवैद्याच्या पानावर किंवा बँडपथकाच्या पानावर शोभतील. जे वाक्य कोणत्याही पोत्यावर लावता येते ती पाटीच नव्हे. शीर्षक लिहिताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : हे शब्द शेजारच्या पानावर जसेच्या तसे चालतील काय? चालत असतील तर ते खोडावेत.

आम्ही शीर्षक बदलले : ‘बालाघाट चिन्नोर तांदूळ – थेट शेतकऱ्यांकडून’. ‘बालाघाट’ हा शब्द घालण्याचे आणखी एक कारण होते. वैनगंगेच्या खालच्या अंगाला भंडाऱ्याकडेही चिन्नोर पिकतो, आणि तोही चांगला असतो. पण गिऱ्हाईक काय विकत घेते हे त्याला कळले पाहिजे. शीर्षक किती लांब असावे याबद्दल लोक अक्षरांचे आकडे सांगतात. गूगलने तशी मर्यादा घालून दिलेली नाही. पडद्याच्या रुंदीत मावेल तेवढे दिसते आणि पुढचे तुटते. देवनागरीत तर मात्रा-वेलांट्यांमुळे अक्षरे मोजण्याचा हिशेब आणखीच फसवा. म्हणून महत्त्वाचा शब्द आधी आणि शोभेचा नंतर, एवढे पथ्य पुरे. संस्थेचे लांबलचक नाव, ‘मर्यादित’ आणि नोंदणी क्रमांकासह, शीर्षकाच्या आरंभी घालण्याची आपल्याकडे फार हौस आहे. गिऱ्हाइकाला संस्था ठाऊक नसते. तांदूळ ठाऊक असतो. आणि प्रत्येक पानाचे शीर्षक वेगळे हवे. भावाच्या पानाला, लागवडीच्या माहितीच्या पानाला आणि पत्त्याच्या पानाला एकच शीर्षक देणे म्हणजे घरातील सर्व मुलांना एकाच नावाने हाक मारणे होय.

वर्णनाचा मेटा टॅग थोडा निराळा आहे. त्यामुळे पान वर चढत नाही. क्रम लावताना आपण हे वर्णन हिशेबात घेत नाही, असे गूगलने स्वतःच सांगितले आहे. शिवाय ते वर्णन दाखवीलच असेही नाही. पानातील एखादे वाक्य वाचकाच्या शोधाशी अधिक जुळते असे वाटले तर यंत्र तेच उचलते. मग ते लिहावे कशाला? कारण जेव्हा ते दाखवले जाते, तेव्हा वाचकाने आपल्या दारात पाऊल टाकायचे की नाही हे त्या दोन ओळींवर ठरते. आम्ही लिहिले : ‘बालाघाट जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा सुवासिक चिन्नोर. हातसडीचा व पॉलिशचा, दोन्ही मिळतात. पाच व दहा किलोच्या पिशव्या, घरपोच. भाव व चौकशीसाठी फोन क्रमांक पानावर.’ पहिल्या मसुद्यात ‘यंदाच्या हंगामाचा’ असेही होते. मी ते काढले. हा शब्द आज खरा आहे, पुढल्या वर्षी कोणाच्या लक्षात राहणार नाही आणि तो तसाच खोटे बोलत राहील. बदलत जाणाऱ्या गोष्टी धडात लिहाव्यात. डोक्यात टिकाऊ तेवढेच ठेवावे.

नेमकेपणाची गरज केवळ मालापुरतीच नाही. कान्हा राष्ट्रीय उद्यान मंडला आणि बालाघाट अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. मुक्कीचे प्रवेशद्वार आमच्या बाजूला, खटिया-किसलीचे मंडल्याच्या बाजूला. उतरण्याच्या जागांची पुष्कळ पाने ‘कान्हाजवळ निसर्गरम्य निवास’ एवढेच सांगून मोकळी होतात. गोंदियाहून मुलाबाळांसह निघालेल्या माणसाने मुक्कीच्या फेरीचा परवाना काढला आणि खोली मात्र जंगलाच्या पलीकडच्या अंगाला घेतली, तर पहाटेच्या फेरीला तो कसा पोहोचणार? ‘मुक्की द्वाराजवळ’ हे दोन शब्द वर्णनात असते तर त्याची सुटी वाया गेली नसती.

मेटा टॅगांपैकी एकाची गोष्ट मात्र दुःखान्त आहे. शोधशब्दांचा, म्हणजे ‘कीवर्ड्‌स’चा टॅग. सुरुवातीच्या शोधयंत्रांनी या टॅगवर भाबडा विश्वास ठेवला. पानाच्या मालकाने स्वतःच सांगावे की माझे पान अमुक शब्दांसाठी आहे, आणि यंत्राने ते मानावे. लोकांनी काय केले असेल हे सांगायला नकोच. जे पानावर नाही तेही शब्द शेकड्यांनी कोंबले. शेवटी यंत्रांनी या टॅगकडे पाहणेच सोडले. आपण क्रम लावताना तो मुळीच विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. तरीही आपल्याकडे पाने तयार करून देणारे काही लोक ‘पन्नास कीवर्ड टाकून देतो’ असे सांगून त्याचे वेगळे पैसे लावतात. ते देऊ नयेत.

या कोंबाकोंबीचे पर्यवसान न्यायालयातही झालेले आहे. शादी डॉट कॉम चालवणाऱ्या पीपल इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा दावा २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्या एका विवाहविषयक संकेतस्थळाने आपल्या मेटा टॅगांत या कंपनीचे नाव घातले आणि तिच्याकडे जाऊ पाहणारे लोक आपल्याकडे वळवले, अशी तक्रार होती. मेटा टॅग म्हणजे काय याची चर्चा न्यायालयाने निकालात केली आणि त्या संकेतस्थळाला मनाई केली. डोळ्यांना न दिसणाऱ्या जागीसुद्धा दुसऱ्याच्या नावाची पाटी लावता येत नाही. आमच्या मंडळातील एका तरुणाने ‘चिन्नोरच्या पानात बासमती हा शब्द घालू, लोक येतील’ असे सुचवले होते. मी त्याला हा निकाल सांगितला, आणि बासमतीच्या नावाचीही भौगोलिक मानांकनात २०१६ मध्ये नोंद झालेली आहे हेही सांगितले. शिवाय बासमती शोधणारा माणूस येऊन चिन्नोरचा आखूड दाणा पाहील आणि परत जाईल. याची दुसरी बाजूही आहे. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याने आपल्या नावाला संरक्षण दिले खरे, पण आपल्या शेतकऱ्याने आपल्या पानावर ते नाव लिहिलेच नाही, तर ते शोधणारा माणूस ज्या व्यापाऱ्याने लिहिले आहे त्याच्याकडे जाणार. कायद्याचा कागद घरात असतो आणि विक्री दुसऱ्याच्या दारात होते.

मराठीत पान लिहिणाऱ्याला काही जादा काळज्या घ्याव्या लागतात, आणि इंग्रजी पुस्तकांत त्या बहुधा सापडत नाहीत. मध्य प्रदेशातील कचेऱ्यांत वर्षानुवर्षे ‘कृतिदेव’ या टंकाने मजकूर लिहिला गेला. महाराष्ट्रात ‘शिवाजी’, ‘श्रीलिपी’ असे टंक होते. यांतील अक्षरे दिसायला देवनागरी, पण संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरेच असतात. पानाच्या धडात तो टंक पुरवला तर वाचता येते. शीर्षकाला मात्र टंक पुरवता येत नाही. कृतिदेवमध्ये लिहिलेले ‘बालाघाट’ शोधयंत्राच्या यादीत असे दिसेल : सी, के, वाय, के, मग एक प्रश्नचिन्ह, पुन्हा के, के आणि शेवटी मोठा व्ही. गावाच्या नावाच्या मध्यभागीच प्रश्नचिन्ह! देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे. शीर्षक आणि वर्णन युनिकोडमध्येच लिहिले पाहिजे.

त्याला जोडून दुसरी गोष्ट. पानातील अक्षरे कोणत्या संकेताने साठवली आहेत हे सांगणारा एक छोटा मेटा टॅग असतो. त्यात बहुधा ‘यूटीएफ-८’ असे लिहितात. नियम असा की ही नोंद पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत संपली पाहिजे. इंग्रजी लिहिणाऱ्याला याची फिकीर नसते, कारण रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, मात्रा हीही स्वतंत्र चिन्हे. रोमन लिपीत ‘बालाघाट’ आठ बाइटांत मावतो. देवनागरीत त्याला एकवीस लागतात. आता डोक्यात आधी मराठी शीर्षक, मग मराठी वर्णन, मग तेच दोन्ही दुसऱ्या कारणासाठी पुन्हा, असे लिहीत गेलो आणि संकेताची नोंद शेवटी टाकली, तर ती १०२४ च्या पलीकडे सहज जाते. मग एखादा ब्राउझर चुकीचा अंदाज बांधतो आणि मराठीच्या जागी विचित्र चिन्हांचा सडा पडतो. उपाय सोपा : ही नोंद सर्वांत आधी लिहावी.

पानाची भाषा मराठी की हिंदी हेही आरंभी सांगावे. हा मेटा टॅग नव्हे, पानाच्या सर्वांत बाहेरच्या खुणेत करायची ही नोंद आहे. पण आमच्यासारख्या दुभाषी जिल्ह्यात ती हमखास चुकते, कारण नमुना हिंदी पानाचा घेतलेला असतो. लिपी एकच असल्यामुळे डोळस माणसाला चूक कळत नाही. अंध वाचकाचा फोन मात्र मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचू लागतो, आणि ‘चार चमचे’ यातला दोन तऱ्हांचा च एकाच तऱ्हेने ऐकू येतो. पुष्कळ टंकांत मराठी वळणाचा ल आणि श हेही या नोंदीवरूनच निवडले जातात. रायपूर-जबलपूरचे गिऱ्हाईक ‘चावल’ म्हणून शोधणार आणि नागपूर-पुण्याचे ‘तांदूळ’ म्हणून. तेव्हा दोन्ही शब्द एकाच शीर्षकात कोंबण्यापेक्षा हिंदीचे पान वेगळे करावे आणि त्याला त्याचे शीर्षक द्यावे.

पान तयार होत असताना शोधयंत्राने ते यादीत घेऊ नये म्हणून ‘नोइंडेक्स’ असा शब्द असलेला एक टॅग लावतात. पान पुरे झाल्यावर तो काढायचा असतो. तो काढायचा राहिला आणि वर्षभर पान कोणालाच सापडले नाही, असे प्रकार मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. दुकानाचे उद्घाटन होऊन पेढे वाटले गेले आणि दाराला कुलूप तसेच!

शेवटी, आपल्या लोकांच्या सवयीला धरून एक गोष्ट. आमच्याकडे तांदूळ शोधयंत्रापेक्षा व्हॉट्सॲपवर अधिक खपतो. कोणी पानाचा दुवा पाठवला की त्याच्याबरोबर एक छोटे चित्र, शीर्षक आणि एखादी ओळ दिसते. ती येते ‘ओपन ग्राफ’ नावाच्या टॅगांवरून. फेसबुकने २०१० मध्ये ते सुरू केले आणि आता इतरही ते वाचतात. वर तेच दोन्ही पुन्हा लिहावे लागते असे म्हणालो ते यासाठी. चित्रासाठी आमच्या मंडळींनी अध्यक्षांच्या सत्काराचा फोटो निवडला होता. बरीच भवती न भवती होऊन तो उतरला, आणि त्या जागी उघड्या पोत्यातील तांदळाचा फोटो आला. पहिला फोन आठ दिवसांनी नागपूरहून आला. दहा किलोची पिशवी हवी होती, आणि हातसडीचाच द्या, असे त्या बाई म्हणाल्या.